नाशिक, कॉलेज रोड, गंगापूर रोड: दुकानांतला डी अँड डीचा रविवार – तयारीचा धागा

आडगावचा_गोब्लिन
शुक्रवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. नवख्यांना डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स: एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं, म्हणजे कॅरेक्टर, होऊन फासे टाकत खेळतात) खेळवायला दोन दुकानं पक्की झाली. एक कॉलेज रोडचं बोर्ड गेमवालं, दुसरं गंगापूर रोडचं पुस्तकांचं, ज्याच्या मागच्या खोलीत एरवी लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग चालतात. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा ते दीड. पहिल्या ठिकाणी तीन टेबलं, दुसऱ्या ठिकाणी दोन. टेबलाला पाच खेळाडू आणि एक डीएम (डन्जन मास्टर, गोष्ट चालवणारा), म्हणजे खेळणारे पंचवीस.

ग्रुपवर नियमांची २०१४ची एडिशन की २०२४ची यावरून जी जुंपली आहे ती कृपा करून तिथेच राहू द्या. येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वीस बाजूंचा फासा हातातसुद्धा धरलेला नसेल. हा खेळ १९७४ सालचा आहे, गायगॅक्स आणि आर्नेसन कोण होते, हे सगळं त्यांना नंतर कधीतरी आपोआप कळेल. माझं म्हणणं एवढंच की माणूस खुर्चीत टेकल्यापासून त्याने स्वतःचा पहिला निर्णय घेईपर्यंत जी दहा मिनिटं जातात, तयारी त्यांची करायची. बाकीचा वेळ लोक स्वतःच ओढून नेतात. मी पाहिलेल्या फसलेल्या टेबलांवर फसायला नेहमी एकच गोष्ट कारणीभूत होती: डीएम अर्धा तास नियम सांगत बसला आणि समोरचे मोबाइल काढून बसले.

म्हणून कॅरेक्टर तिथे बनवायची नाहीत, तयार द्यायची. पाचही टेबलांवर एकच गोष्ट चालेल, म्हणजे संपल्यावर दोन्ही दुकानांतल्या लोकांना “तुमच्याकडे काय झालं?” असं विचारता येईल. नियमांचा पायाभूत संच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. त्यातलं काहीही मराठीत करून, झेरॉक्स काढून वाटता येतं, फक्त खाली श्रेयाची ओळ छापायची.

हवं आहे ते असं: आणखी दोन डीएम (तीन आहेत), फासे, आणि एक चांगली गोष्ट. बोला.


दोन_डी_सहा
शुक्रवार, रात्री ११:१५

गोब्लिनशेठ, एक टेबल माझं धरा. पण “नियम नंतर” हे मला पटत नाही. नियम नीट नसले की नवखा माणूस मरतो, आणि मेलेला माणूस पुन्हा येत नाही.

साधा हिशेब सांगतो. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला (जादूगाराला) ८ हिट पॉइंट (तेवढे घाव लागले की आडवा), तेही कॉन्स्टिट्यूशन (दम) १४ दिलं तर. गोब्लिन या छोट्या राक्षसाचा साधा घाव १ डी ६ + २, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा अधिक दोन. क्रिटिकल (वीसवाल्यावर वीस) पडला की २ डी ६ + २, सरासरी ९. म्हणजे वीसात एकदा पडणारा क्रिटिकल आला की बहुधा पहिल्याच घावाला कॉलेज रोडवर पार्किंग शोधून आलेला माणूस सरळ आडवा. पुढचा अर्धा तास तो फक्त डेथ सेव्ह (जगतो की मरतो याचे फासे) टाकणार.

दुसरं म्हणजे गोब्लिनचा एसी, म्हणजे घाव लागायला गाठायचा आकडा, १५. आपल्या पोरांचा बोनस +५ धरला तर फाशावर १० किंवा वर हवं, म्हणजे ५५ टक्के. जवळजवळ निम्म्या लोकांचा आयुष्यातला पहिला घाव हवेत. त्यापेक्षा सांगाडे घ्या. एसी १३, म्हणजे ६५ टक्के. आणि बोथट हत्याराने त्यांना दुप्पट लागतं. फायटरच्या हाती मेस दिली तर १ डी ६ + ३ ची दुप्पट. सांगाड्याचे हिट पॉइंट १३. फाशावर ४ किंवा वर पडला की एका फटक्यात खेळ खलास. नवख्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते पाहायला मी रविवारची झोप सोडायला तयार आहे.


अशोकस्तंभी_बार्ड
शुक्रवार, रात्री ११:३२

मेस म्हणजे गदाच की भो. तालमीतला पैलवान करून टाका फायटरला.


काउंटरवाला
शनिवार, सकाळी ९:०५

नमस्कार. कॉलेज रोडचं दुकान आमचं. मुलाच्या नादाने इथे आलो, स्वतः अजून खेळलेलो नाही, तरी दुकानाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

रविवारी साडेदहाला आम्ही शटर उघडतो ते फक्त तुमच्यासाठी. एरवी बारापर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही, कारण सगळं नाशिक मिसळीच्या रांगेत असतं. म्हणून ही वेळ मी सुचवली. संध्याकाळ मागू नका, संध्याकाळी माझा धंदा आहे. दीडला संपवा म्हणजे दीडला संपवा.

माणशी दीडशे रुपये घ्या, पावती द्या, आणि ते त्या दिवशीच्या खरेदीत वळते करू. फुकट ठेवलं की नावं पन्नास येतात, माणसं बारा. हा अनुभव बुद्धिबळाच्या स्पर्धेचा आहे, तुमच्या खेळाचा नाही, पण माणसं तीच.

खायला बाहेरून आणू नका. चहा आणि वेफर्स दुकानात मिळतील. तर्री टेबलावर नको, माझ्या गेमच्या खोक्यांवर तेलाचे डाग पडतात. आणि फासे दुकानात आहेत, सात-सातचे संच, पण पंचवीस जणांना पुरतील एवढे नाहीत. मागवले तर वेळेत येतीलच याची खात्री देत नाही.


आडगावचा_गोब्लिन
शनिवार, सकाळी ९:४८

काका, सगळं मान्य. दीडशेची पावती उत्तम. गंगापूर रोडवाल्यांशीही हेच बोलतो, म्हणजे दोन्हीकडे एकच दर राहील.

दोन_डी_सहा, सांगाडे घेतले. क्रिटिकलचं असं करू: शत्रूचा वीस पडला तरी दुप्पट नाही, साधाच घाव. खेळाडूंचा मात्र पुरता दुप्पट. हा नियम टेबलावर सांगायचासुद्धा नाही. लेव्हल पहिलीच. दुसरीला गेलो की फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज, रोगची (चोरट्याची) कनिंग अ‍ॅक्शन, कागदावर ओळी वाढतात आणि माणूस कागद वाचत बसतो.


वाचनवेडी_सिडको
शनिवार, सकाळी १०:२०

फाशांवर उपाय. हाउजी! कोणाच्या घरात हाउजीचा डबा नाही? १ ते २० आकड्यांच्या गोट्या एका कापडी पिशवीत घालायच्या, एक काढायची, आकडा वाचायचा, परत आत टाकायची. हिशेबाने वीस बाजूंच्या फाशासारखंच, प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी. फक्त काढलेली गोटी परत टाकायला विसरलं की गणित बिघडतं, तेवढं डीएमने बघायचं. अ‍ॅडव्हान्टेज असेल, म्हणजे दोनातला चांगला आकडा घ्यायची सवलत, तर हेच दोनदा करायचं, पहिली गोटी परत टाकून.

आमच्या सोसायटीत मुलांना मी असंच खेळवते. उलट मुलांना पिशवीत हात घालायला जास्त मजा येते. सहा बाजूंचे फासे लुडोचे चालतात. चार बाजूंचा हवा असेल तर आठवाला टाकून अर्धं करा, विषम आला तर वरचा आकडा.


दोन_डी_सहा
शनिवार, सकाळी १०:३१

ताई, हाउजीची पिशवी हातात देऊन कोणाला डी अँड डीचं वेड लावणार? तो फासा गडगडत जाताना सगळं टेबल श्वास रोखून बघतं, तिथेच तर खेळ आहे.


वाचनवेडी_सिडको
शनिवार, सकाळी १०:४४

दादा, मग प्रत्येक टेबलावर खरा वीसवाला एकच ठेवा, मध्ये, सगळ्यांचा मिळून. ज्याची पाळी त्याच्या हातात. बाकीचं पिशवीत. आणि फासे टाकायला मिठाईच्या खोक्याचं झाकण आणा, स्टीलची थाळी अजिबात नको. त्या चित्रकलेच्या खोलीला पत्र्याचं छत आहे, दोन टेबलांच्या थाळ्या वाजायला लागल्या की डीएमला ओरडावं लागेल.


तिवंध्याची_ताई
शनिवार, दुपारी २:१०

गोष्ट माझ्याकडे आहे. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतेय.

बाहेरच्या वाचकांसाठी: जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत. रस्त्यातच जमिनीखाली बांधलेले दगडी हौद. वर्षभर लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात, नव्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीला उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि लोक त्यात धप्पा (उडी) मारतात. माझं माहेर तिथेच, तिवंध्याजवळ, त्यामुळे मला लहानपणापासून एकच प्रश्न पडलेला: वर्षभर ते बंद असतं तेव्हा आत काय असतं?

तर गोष्ट अशी. रंगपंचमीची आदली रात्र, काळ पेशवाईचा. तळ धुवायला उतरलेला पोरगा वर आलेला नाही. खाली हौदाच्या भिंतीत एक दगड सरकलाय, मागे पायऱ्या. तीन खोल्या. पहिलीत पाणी आणि घसरण, दुसरीत सांगाडे, तिसरीत पोरगा आणि एक दार, ज्यावर मोडीत काहीतरी कोरलंय. पोराला घेऊन निघायचं की दार उघडायचं, हा शेवटचा निर्णय. बास. तीन तासांत यापेक्षा जास्त मावत नाही.

पाच माणसं: तालमीतला पैलवान, तांबट आळीतला कुलूपवाला, सरकारवाड्यातला मोडी वाचणारा कारकून, वैद्यीण, आणि शाहीर. खेळाच्या भाषेत, त्याच क्रमाने: फायटर, रोग, विझार्ड, क्लेरिक, बार्ड.


रामशेज_वारी
शनिवार, दुपारी ३:००

ताई, गोष्ट छान, पण हातात रामशेजचा किल्ला असताना रहाड का? १६८२ला औरंगजेबाची फौज येऊन बसली आणि इतक्याशा किल्ल्याने तिला वर्षानुवर्षं झुलवलं. वर लोखंडी तोफा नव्हत्या तर लाकडी तोफा करून चामडं बांधून डागल्या असं सांगतात. गुप्त वाटेने रसद आत नेणे हे तर आयतं साहस आहे. माझ्याकडे किल्ल्याचा हाताने काढलेला नकाशाही आहे.


तिवंध्याची_ताई
शनिवार, दुपारी ३:४०

दादा, रामशेज मलाही प्रिय आहे. पण अनोळखी पंचवीस माणसं, त्यात चौदा वर्षांची पोरं, आणि समोर खऱ्या इतिहासातली खरी फौज. दहाव्या मिनिटाला कोणीतरी “असं झालंच नव्हतं” म्हणणार, विसाव्या मिनिटाला दुसरा कोणाच्या तरी धर्मावर घसरणार. दुकानदाराच्या गळ्यात ते कशाला? घरच्या टेबलावर, ओळखीच्या लोकांत, रामशेज जरूर खेळू. मीच येईन.

ह्याच कारणाने साहसात खरं देऊळ एकही ठेवलेलं नाही. रामकुंड नाही, काळाराम नाही, गोदाघाट नाही. वैद्यीण आहे, पुजारी नाही. तिचा क्युअर वूंड्स (जखम बरी करणारी जादू) म्हणजे काढा आणि मंत्रासारखं काहीतरी पुटपुटणं. डीएमनाही विनंती, भरात येऊन कुठल्या देवळात राक्षस सोडू नका.


रामशेज_वारी
शनिवार, दुपारी ३:५२

हे पटलं. नकाशा मात्र रहाडीचाही मीच काढतो. चार्ट पेपरवर एक-एक इंचाचे चौकोन, तिन्ही खोल्या वेगवेगळ्या कागदावर, म्हणजे पुढची खोली आधी दिसणार नाही. मोहऱ्यांसाठी कॅरमच्या सोंगट्या, पांढऱ्या आपल्या, काळ्या सांगाड्यांच्या, पोरगा म्हणजे राणी.


अशोकस्तंभी_बार्ड
शनिवार, रात्री ८:१५

पाचवं टेबल रिकामं असेल तर मी डीएम होऊ का? चौथ्याला दोन_डी_सहा आहेतच असं धरतो. आजवर फक्त खेळलोय, चालवलेलं नाही. खरं सांगायचं तर तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं इथेच माझं घोडं अडतं.


आडगावचा_गोब्लिन
शनिवार, रात्री ९:३०

हो. टेबल तुझं. आणि तुझ्या प्रश्नासाठीच हा धागा काढला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाकीच्या डीएमनीही वाचा.

लोक यायच्या आधी पाचही कॅरेक्टर शीट टेबलावर उलट्या ठेव, मागच्या बाजूला फक्त चित्र आणि दोन ओळी. पैलवानाच्या मागे लिहिलेलं असेल: “हरवलेला पोरगा तुमच्या तालमीतला. त्याच्या आईला शब्द दिलाय.” कुलूपवाल्याच्या मागे: “हौदातल्या त्या दगडामागे कुलूप आहे हे तुम्हाला माहीत होतं. कोणाला सांगितलं नाही.” लोक चित्र आणि ओळी बघून निवडतात, आकडे बघून नाही. जो उशिरा येईल त्याला उरलेलं. दोन मिनिटांत काम होतं.

मग शीट उलटायला सांग आणि फक्त तीन जागा दाखव: इथे तुमचे हिट पॉइंट, इथे तुमचं हत्यार, आणि हे सहा आकडे. मराठी शीटवर ते ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज, छाप असे आहेत. नियम एकच सांगायचा: “काय करताय ते सांगा, अवघड असेल तर मी वीसवाला टाकायला लावीन, जास्त पडलं की चांगलं.” इनिशिएटिव्ह, बोनस अ‍ॅक्शन, स्पेल स्लॉट हे शब्द गरज पडेपर्यंत तोंडातून काढायचे नाहीत.

आणि मग सुरुवात. ताईंच्या गोष्टीसाठी मी असं बोलेन: “रंगपंचमीची आदली रात्र. रहाड उघडलीय, माती बाजूला, फळ्या बाजूला. तळ धुवायला उतरलेला पोरगा वर आला नाही. त्याचा कंदील खाली दिसतोय. जळतोय. आणि सरकतोय. पैलवान, तुम्ही काठावर आहात. काय करताय?”

शेवटी एका माणसाचं नाव घ्यायचंच. “काय करताय सगळे?” असं विचारलंस की पाच जण एकमेकांची तोंडं बघतात. पैलवानाला आधी विचारायचं कारण त्याच्याकडे सोपं उत्तर आहे: धप्पा मारतो. ताकदीवर फासा टाकायला लाव, काहीही पडलं तरी तो खाली पोहोचतोच. कमी पडलं तर धपकन, चिखलात, कंदील विझवून. झालं. पहिला निर्णय, पहिला फासा, पहिला हशा. आता बाकीचे चौघे आपण होऊन बोलतील.

एखादा अजिबात बोलत नसेल तर त्याला “तू काय करतोस?” म्हणू नकोस, दोन पर्याय दे. “शाहीर, दोरीने उतरायचं की वरून हाक मारायची?” लाजरा माणूस पर्यायातून निवडतो, कोऱ्या कागदावर लिहीत नाही.


दोन_डी_सहा
शनिवार, रात्री १०:०२

शाहिराबद्दल एक. त्याला व्हिशस मॉकरी नक्की द्या. शिव्या घालून मारायचं. सांगाड्याला जिवंतपणी येणाऱ्या भाषा कळतात असं एसआरडीतच लिहिलंय, म्हणजे पेशवाईतल्या सांगाड्याला मराठी शिव्या लागू. टेबलावर मुलं असतील तर “तुझ्या बरगड्यांत कबुतरं राहतात” एवढ्यावर भागवा. आणि कारकुनाला मॅजिक मिसाइल, कारण ते चुकतच नाही. ज्याचं नशीब फाशावर फुटकं आहे त्याला निदान एक हुकमी घाव असावा.

गोब्लिनशेठ, वेळेचं गणितही टाकतो. पाच नवखे आणि डीएम, प्रत्येकाला दीड मिनिट धरलं तरी एक फेरी नऊ मिनिटांची. चार फेऱ्या म्हणजे छत्तीस मिनिटं. म्हणून लढाई एकच, दुसऱ्या खोलीत, आणि सांगाडे चारच. तिसऱ्या खोलीत मारामारी घातली तर काकांचं शटर दीडला पडणार नाही.


निमा_इंदिरानगर
रविवार, सकाळी ८:२०

सगळं वाचलं. छान चाललंय, पण एक गोष्ट कोणीच काढली नाही, म्हणून मी काढते.

दुसऱ्या एका शहरात अशाच दुकानातल्या खेळाला गेले होते. टेबलावर मी एकटीच मुलगी. समोरचा एक जण त्याच्या कॅरेक्टरच्या तोंडून माझ्या कॅरेक्टरला जे बोलत राहिला ते इथे लिहीत नाही. डीएम हसत होता. “अगं खेळातलं आहे” असं दोनदा ऐकलं आणि उठून आले. खेळ वाईट नव्हता, मला आवडतो, म्हणूनच विचारते: तुमच्याकडे असं झालं तर कोण उठणार?


आडगावचा_गोब्लिन
रविवार, सकाळी ९:१५

निमाताई, बरं झालं बोललात.

प्रत्येक टेबलावर एक्स-कार्ड ठेवू. जाड कागदावर मोठी फुली. कोणीही, कधीही, त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही, चर्चा नाही. हे सुरुवातीलाच सांगायचं, आणि डीएमने स्वतः एकदा बोट ठेवून दाखवायचं, नाहीतर बाकीच्यांना संकोच वाटतो.


वाचनवेडी_सिडको
रविवार, सकाळी ९:४०

कार्ड ठीक आहे, पण निमाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही गोब्लिनदादा. तिने विचारलं कोण उठणार. कार्ड उठत नाही, आणि त्या टेबलावरचा डीएमच हसत असेल तर फुलीवर बोट ठेवायचं कोणाच्या भरवशावर? दोन्ही दुकानांत एक माणूस असा हवा जो टेबल चालवत नाही, खेळत नाही, नुसता फिरतोय. त्याचं नाव आणि नंबर दारावर लावायचा. त्याने सांगितलं की संबंधित माणूस बाहेर, दीडशे रुपये परत, वाद नाही. गंगापूर रोडला मी उभी राहते. माझा मुलगा तिथेच खेळणार आहे, तसंही मला कुठे जायचंय.


काउंटरवाला
रविवार, सकाळी १०:१०

आमच्याकडे मी आहे. माझ्या दुकानातून बाहेर काढायला मला कोणाची परवानगी लागत नाही.


निमा_इंदिरानगर
रविवार, सकाळी १०:२५

मग माझं नाव लिहा. शाहीर मला हवा.


आडगावचा_गोब्लिन
रविवार, सकाळी १०:३०

वाचनवेडीताई, मान्य, तसंच करू. निमाताई, नाव लिहिलं. शाहीर मात्र जो आधी उचलेल त्याचा. लवकर या.


सातपूरचा_शिफ्टवाला
रविवार, दुपारी १:०५

मी कंपनीतून रात्रपाळी करून येणार, साडेदहाला पोहोचेन पण झोपेत असेन. चालेल का? आणि एकट्याने आलो तर? ओळखीचं कोणी नाही.


तिवंध्याची_ताई
रविवार, दुपारी १:३०

या दादा. एकट्याने येणारे बरेच असतील. उलट मित्रांची टोळी आली तर आम्ही त्यांना मुद्दाम दोन टेबलांवर वाटतो, नाहीतर ते आपसातले विनोद करत बसतात आणि उरलेला एक जण पाहुण्यासारखा कोपऱ्यात. फक्त निघताना रस्ता बघून निघा, सिंहस्थाच्या कामांमुळे कालचा रस्ता आज असेलच असं नाही.


आडगावचा_गोब्लिन
सोमवार, रात्री ९:५०

थोडं आवरतं घेतो. नोंदणी टेबलाला चारचीच उघडतोय, पाचवी खुर्ची ऐनवेळी दुकानात शिरणाऱ्यासाठी. पुस्तकं बघायला आलेला माणूस दारातून डोकावतो, “काय चाललंय?” विचारतो, त्याला बसवता आलं पाहिजे. दुकानात खेळायचं ते त्यासाठीच, नाहीतर माझा हॉल काय वाईट होता.

वय बारा पूर्ण. त्याखालची मुलं पालक सोबत खेळणार असतील तरच.

२०२४वाल्यांच्या समाधानासाठी: नव्या नियमांचा एसआरडी ५.२ही २०२५मध्ये त्याच मोकळ्या परवान्याखाली आलाय. पण आपल्या शीट ५.१वर आधीच तयार आहेत आणि पहिल्या लेव्हलला नवख्याला फरक जाणवणारही नाही. तेव्हा या वेळी ५.१. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी दीडनंतर मिसळ खाताना घालावा, बिल हरणाऱ्याने द्यावं.


अशोकस्तंभी_बार्ड
सोमवार, रात्री १०:२०

मोडीचा कागद माझ्याकडे लागला. बहिणीने मोडीचा वर्ग केलाय, ती दारावरचा मजकूर लिहून देतेय. जुना दिसायला चहात बुडवायचा ना? घरच्या प्रिंटरवर काढलेला एक बुडवून बघितला तर सगळी अक्षरं वाहून गेली.


वाचनवेडी_सिडको
सोमवार, रात्री १०:३८

घरचा प्रिंटर इंकजेट असणार, त्याची शाई पाण्यात पसरते. तिच्या हातच्या कागदाची झेरॉक्स काढ, ती पावडरची असते, पाण्याला दाद देत नाही. मग कोरा चहा, दूध नको, नाहीतर वास मारेल आणि मुंग्या लागतील. ब्रशने लाव, बुडवू नकोस. पंख्याखाली वाळव, अर्धवट ओला असताना एकदा चुरगळून परत उलगड, घड्यांमध्ये रंग बसतो. कडा जाळायच्या फंदात पडू नकोस, घरात आई असेल.

पाच प्रती कर, टेबलाला एक. आणि मोडी कोणालाच येत नसेल तर कारकून खेळणाऱ्याच्या शीटमागे बाळबोध मजकूर छापा. तोच वाचून दाखवणार, दुसऱ्या कोणाला ते येत नाही. त्या क्षणी तो टेबलावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस.


तिवंध्याची_ताई
सोमवार, रात्री १०:५५

ही शेवटची कल्पना माझ्या मूळ गोष्टीपेक्षा चांगली आहे. घेतली. कारकुनाच्या मजकुरात एक ओळ अर्धवट सोडते, म्हणजे दार उघडायचं की नाही यावर भांडण होईल.


काउंटरवाला
मंगळवार, सकाळी ९:२०

शीट आणि एक्स-कार्ड लॅमिनेट करून देतो, मशीन दुकानातच आहे. वर स्केच पेनने लिहून पुसता येईल, पुढच्या वेळीही वापरता येतील. फाइल गुरुवारपर्यंत पाठवा, दोन्ही दुकानांच्या एकदमच काढतो.

एक विचारायचं राहिलं. काल त्या गंगापूर रोडच्या खोलीत डोकावलो होतो. तिथल्या खुर्च्या बालवाडीच्या मापाच्या आहेत. हे कोणी बघितलंय का?


आडगावचा_गोब्लिन
मंगळवार, सकाळी ९:४५

बघितलंय काका. शेजारच्या मंडपवाल्याला बारा प्लास्टिकच्या खुर्च्या सांगितल्यात, शनिवारी रात्री टाकून जाईल. भाडं फीमधून. टेबलं मात्र तीच बुटकी, त्यांच्या पायांखाली विटा लावू. सातपूरच्या दादांनो, झोप उडाली असेल तर दहाला या, विटा उचलायला माणूस कमी आहे.